खाणीची फुकट वाळू, तळ्याचा गाळ आणि आर्सेनिक : सीमेपलीकडे राबायला जाणाऱ्यांनी काय तपासावं, कसं तपासावं

उमरग्याकडचा एक शेतकरी काही वर्षांपूर्वी माती परीक्षणाच्या पिशव्यांबरोबर एक वेगळीच पिशवी घेऊन आला. दुधाची रिकामी पिशवी, तोंडाला सुतळी, आत राखाडी भुकटी. "सायब, मेव्हण्यानं दिली. तो तिकडं रायचूरकडं राबतो. बंद खाणीजवळ डोंगरच्या डोंगर पडलेत म्हणतो, फुकट. चाळायची बी गरज नाही, मैद्यावानी हाय. जोत्यात भराव टाकतो, उरली तर गिलाव्याला." एवढं बोलून त्यानं चिमूटभर भुकटी दाखवायला काढली, पिशवी पुन्हा बांधली आणि सुतळीची गाठ दातांनी आवळली. मग त्याच हातावर तंबाखू मळली.

मला त्या भुकटीपेक्षा त्या गाठीची आणि तंबाखूची काळजी जास्त वाटली. हा सगळा लेख त्यातूनच आलाय. सोन्याच्या खाणीच्या अशा भुकटीत आर्सेनिक हे विष असू शकतं. ते मातीत किती आहे हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण ते तोंडापर्यंत कोणत्या वाटेनं येतं हा त्याहून मोठा प्रश्न आहे. वाट सापडली की बरीचशी तोडता येते, आणि त्यासाठी लॅबच्या रिपोर्टची वाट बघत बसावं लागत नाही.

आधी एवढं नक्की करा : हा प्रश्न तुमचा आहे का?

मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर बसलेला आहे. आपल्याकडे 'खदान' म्हटलं की खडी-गिट्टीची, धातूची नव्हे. आपल्या बोअरच्या पाण्याचं दुखणं बहुतेक ठिकाणी नायट्रेटचं, आणि किनवटसारख्या भागात फ्लोराइडचं. त्यामुळे हा लेख वाचून परसातली काळी माती घेऊन कुणी लॅबकडे धावू नये.

सोन्याचे पट्टे आहेत ते खाली, रायचूर-यादगीरकडे. निजामाच्या राज्यात आपण आणि ते एकाच संस्थानात होतो. १९५६ साली वाटण्या झाल्या, पण सोयरिकी, तांडे आणि मजुरीच्या वाटा तशाच राहिल्या. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण आजही चालू आहे, आणि त्या सगळ्या टापूत जुनी, सोडून दिलेली कामंही आहेत. मस्कीचा अशोकाचा शिलालेख १९१५ साली सापडला तो सोनं शोधत फिरणाऱ्या एका इंजिनिअरलाच.

यादगीर जिल्ह्यात मंगळूरचा सोन्याचा पट्टा आहे (समुद्रकाठचं मंगळूर नव्हे, हे सुरपूरकडचं). तिथे शंभरेक वर्षांपूर्वी खाणकाम झालं आणि थांबलं. त्याच भागातल्या किरदळ्ळी तांड्यावर लोकांच्या अंगावर डाग आणि तळव्यांवर कातडीचे टणक खडे दिसले, पाण्यात आणि मातीत आर्सेनिक निघालं. त्यावरचा संशोधन-निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. तांडा म्हटल्यावर आपल्याकडे कुणाचं तरी नातं तिथे असतंच, म्हणून हे नाव मुद्दाम लिहितोय.

दिलासा एवढाच की भूगोल आपल्या बाजूनं आहे. मांजरा आपल्याकडून बिदरकडे वाहते, भीमा सोलापुराकडून कलबुर्गीत उतरते. रायचूर-यादगीरच्या खाणभागाचं पाणी वाहत आपल्याकडे येत नाही. येतात ते ट्रक, पिशव्या आणि माणसं. म्हणजे हा प्रश्न तुमचा आहे, जर: घरातलं कुणी खाणभागात राबतं किंवा राहतं, तिकडची वाळू, भराव किंवा गाळ तुमच्या बांधकामात वा शेतात आलाय, किंवा लेक तिकडे दिली आहे आणि घरचं पाणी बोअरचं आहे.

दगडातलं विष मोकळं कसं होतं

सोन्याच्या दगडात बऱ्याचदा आर्सेनोपायराइट नावाचं खनिज असतं: लोखंड, आर्सेनिक आणि गंधक एकत्र. खोल दगडात बंद असेपर्यंत ते निमूट असतं. सोनं काढायला तो दगड पिठासारखा दळतात, सोनं काढून घेतात आणि उरलेला चोथा बाहेर टाकतात. आता त्याला हवा लागते, पाऊस लागतो. गंधकाचं आम्ल होतं, आर्सेनिक सुटतं आणि जवळच्या लोखंडाच्या गंजाला चिकटून बसतं. पिवळट-तांबूस पापुद्रे दिसले तर तो गंज समजावा, पण असे पापुद्रे नसले म्हणजे आर्सेनिक नाही असं नाही.

लोक सायनाइडला घाबरतात, कारण सोनं काढायला ते वापरतात. २००१ साली बंद पडलेल्या कोलारच्या ढिगांना तर 'सायनाइड डंप'च म्हणतात. पण सायनाइड उन्हा-हवेत बरंचसं मोडतं. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. ते मोडत नाही, कुजत नाही, जाळून जात नाही. शंभर वर्षांपूर्वीचा ढीग म्हणजे जुना झालेला धोका, संपलेला नव्हे.

आपल्या भाषेला हे विष नवीन नाही. सोमल म्हणजे पांढरं आर्सेनिक, हरताळ आणि मनशीळ ही त्याचीच गंधकासोबतची रूपं. पोथीतली चूक झाकायला पूर्वी पिवळा हरताळ फासत, तेच आपण अजून नियमांच्या बाबतीत म्हणतो. यातला कामाचा भाग असा: कुणी वैदू किंवा भोंदू 'सोमलाची पुडी' देत असेल, तर डॉक्टरांना ती दाखवा. आर्सेनिक खाणीतूनच येतं असं नाही.

नमुना घेणं : शेताची सवय इथे विसरा

आपल्याकडे माती परीक्षण म्हटलं की इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा, वीतभर खोल, आणि कडेची माती. पिकाच्या मुळांसाठी ते बरोबर आहे. पण पोरगं वीतभर खोल खेळत नाही. त्याच्या हाताला लागते ती वरची दोन-तीन सेंटिमीटरची माती. आणि मृदा आरोग्य पत्रिकेत असतात त्या १२ गोष्टी: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. आर्सेनिक त्यात नाही. पत्रिका हिरवीगार आली म्हणजे जमीन आर्सेनिकमुक्त, असा अर्थ काढू नका. हा गैरसमज मी फार वेळा ऐकलाय.

मातीसाठी असं करा. प्लास्टिकचे हातमोजे घाला; नसतील तर स्वच्छ पिशवी हाताला गुंडाळा. तोंडाला रुमाल बांधा. अंगण किंवा खेळायची जागा आठ-दहा ठिकाणी निवडा आणि प्रत्येक ठिकाणची फक्त वरची माती प्लास्टिकच्या चमच्यानं खरवडा. पत्र्याचा गंजका डबा किंवा रंग उडालेलं खुरपं नको. सगळी एका स्वच्छ बादलीत मिसळून त्यातली अर्धा किलो घ्या, सावलीत वाळवा. घरी कुटत बसू नका. लॅबला मात्र सांगा की 'बारीक चाळणीतून, २५० मायक्रॉनच्या खालचं तपासा', कारण हाताला चिकटते ती तेवढीच बारीक माती. खड्यांसकट तपासलं तर आकडा उगाच कमी येतो.

दुसरा नमुना लांबचा घ्या. ढिगापासून दूर, चढाच्या बाजूला, जिथे खाणीचं काही पोचलेलं नाही अशा बांधावरचा. हा नसेल तर पहिल्या आकड्याला आधार नाही. त्या भागाच्या मातीत मुळातच किती आहे हे कळल्याशिवाय खाणीनं किती घातलं ते कसं सांगणार?

ओढ्याचा गाळ घ्यायचा असेल तर वाहत्या धारेतला खडा-वाळू घेऊन उपयोग नाही. पाणी जिथे थबकतं तिथे जा: वळणाच्या आतल्या कडेला, बंधाऱ्याच्या मागे, पुलाच्या नळकांड्याच्या तोंडाशी. बोटांमध्ये मेणासारखा लागणारा मऊ चिखल तिथेच साचतो. ढिगाच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला दोन-तीन, असे नमुने घ्या. चिखल बंद डब्यात, काठोकाठ भरून, लवकर पोचवा.

पाण्याचं वेगळं. हातपंप किंवा मोटर पाच-दहा मिनिटं चालवून पाणी जाऊ द्या, मग लॅबनं दिलेल्या बाटलीत भरा. बाटलीत थोडं आम्ल घातलेलं असतं. ती विसळू नका. पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर, असं दोनदा तपासा. गावात पाणी तपासायची किट असते, पण तिच्यात आर्सेनिकची नळी आहे का हे आधी विचारा. आर्सेनिकच्या किटमध्ये एक कागदी पट्टी असते, ती वायू लागून पिवळी ते तपकिरी होते. 'आहे की नाही' कळायला ती पुरे, निर्णय लॅबच्या आकड्यावरच घ्यावा.

प्रत्येक पिशवीवर तारीख, जागा, खोली आणि 'ढिगापासून किती पावलं' हे लिहा. बॉलपेननं लिहा. स्केचपेनची शाई ओल लागली की फिसकटते.

लॅब आणि रिपोर्ट

एनएबीएल मान्यता असलेली लॅब शोधा आणि आधी फोनवर विचारा: "मातीतलं एकूण आर्सेनिक करता का? आयसीपी-एमएस की एएएस हायड्राइड?" या दोन्ही आर्सेनिक मोजायच्या पद्धती आहेत, कोणतीही चालेल. समोरच्याला प्रश्नच कळला नाही तर दुसरी लॅब बघा. महाराष्ट्रातल्या पाण्यासाठी आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत चौकशी करा, खिसा वाचेल.

पाण्याचा आकडा वाचणं सोपं. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचाही तोच आकडा. रिपोर्टवर 'मिलिग्रॅम' आहे की 'मायक्रोग्रॅम' हे दोनदा बघा. इथे हजारपटीची गल्लत होते.

मातीचा आकडा एवढा सरळ नाही. रिपोर्ट किलोला मिलिग्रॅममध्ये येतो. साध्या मातीत हा आकडा बहुतेक वेळा एक आकडी किंवा दहाच्या आसपास असतो. कॅनडाचा मार्गदर्शक आकडा १२ आहे. ब्रिटनमध्ये घर आणि परसबाग असलेल्या जागेसाठी ३७ धरतात. माझा स्वतःचा अडाखा असा: लांबच्या नमुन्याइतकाच आकडा असेल तर सोडून द्या. ४० च्या वर गेला तर पोरांचा हात त्या मातीला लागू देऊ नका. शेकड्यात गेला तर ती माती हलवण्याआधी, खणण्याआधी, विकण्याआधी विचार करा.

आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर ब्रासच्या हिशेबात आणा. एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट वाळू, साधारण साडेचार टन भरते. किलोला १००० मिलिग्रॅम असलेली एक ब्रास भुकटी जोत्यात ओतली, तर तुम्ही घराखाली साडेचार किलो आर्सेनिक पुरलंत.

आता पोराचा हिशेब. लहान मूल नकळत, हातातोंडातून आणि धुळीतून, दिवसाला साधारण १०० मिलिग्रॅम माती पोटात घेतं. चिमटीत येईल एवढी. त्या मातीत ५०० मिलिग्रॅमचं प्रमाण असेल तर त्याच्या तोंडात रोज ५० मायक्रोग्रॅम आर्सेनिक गेलं. मर्यादेवरच्या पाच लिटर पाण्यात असतं तेवढं. सगळं अंगाला लागत नाही. खनिजात घट्ट बसलेलं बरंचसं शौचावाटे जातं. पण माती खायची खोड असलेलं पोर चिमटीवर थांबत नाही.

वाटा तोडायच्या कशा

*पाणी.* सगळ्यात आधी हेच, कारण पाण्यात विरघळलेलं आर्सेनिक जवळजवळ सगळं अंगात भिनतं. पाणी उकळल्यानं आर्सेनिक जात नाही. पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. तुरटी फिरवून, क्लोरीनचे थेंब टाकून, कँडल फिल्टर लावून निभत नाही. आरओ बरंचसं काढतो, पण बोअरच्या पाण्यात आर्सेनिकचं जे एक रूप जास्त असतं ते आरओतून निसटू शकतं. म्हणून आरओच्या नळाचं पाणीसुद्धा तपासून घ्या. दूषित निघालेल्या पंपाला लाल रंग मारा. बांगलादेशात लाल-हिरव्या रंगांनी पंप असेच ओळखू येत. त्या पाण्यानं धुणंभांडी चालतील. पिणं, स्वयंपाक आणि बाळाचं दूध कालवणं नाही. पत्र्यावरचं पावसाचं पाणी, पहिल्या सरी सोडून, टाकीत धरता आलं तर उत्तम.

*हात.* खाणभागात राबणाऱ्यानं तंबाखू मळण्याआधी हात धुवावा. बाकी दहा सूचना विसरला तरी चालेल, ही नको. चुना-तंबाखूबरोबर तळहाताची धूळ सरळ ओठात जाते. विडीचंही तेच, शिवाय धूर आणि आर्सेनिक मिळून फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका एकेकट्यापेक्षा जास्त वाढवतात. भाकरी खाण्याआधी नुसतं पाणी नको, साबण लावा. नखं कापलेली ठेवा, पोरांची आधी.

*घर.* कामाचे कपडे आणि चपला उंबऱ्याबाहेर. कपडे वेगळे भिजवा आणि झटकू नका. केरसुणीनं कोरडा झाडू मारला की धूळ खाली बसायला वेळ लागतो, आणि सगळ्यात जवळ असतं ते रांगणारं बाळ. आधी पाणी शिंपडा किंवा ओल्या फडक्यानं पुसा. ढिगाजवळची माती सारवायला, चूल लिंपायला कधीच आणू नका. हे बायकांना मुद्दाम सांगा, कारण डोहाळ्यांत चुलीची भाजकी माती किंवा खापर चघळायची सवय आपल्याकडे अजून आहे, आणि आर्सेनिक वारेतून पोटातल्या बाळापर्यंत जातं. रागावून ही सवय सुटत नाही. माती खावीशी वाटणं बऱ्याचदा रक्त कमी असल्याचं लक्षण असतं. लोहाच्या गोळ्या आणि तपासणी हा खरा उपाय.

*भराव आधीच टाकून झाला असेल तर?* घाबरून उकरू नका. वर धड फरशी किंवा काँक्रीट असेल तर तो तिथे गप्प आहे. उकरला की धूळ होते. फक्त भेगा बुजवा. उघडं अंगण असेल तर वर फूटभर स्वच्छ माती किंवा मुरूम टाका, खाली नायलॉनची जाळी अंथरा म्हणजे पुढे कुणी खणलं तर 'इथून खाली नको' हे कळेल, आणि वर हराळी लावा. गिलाव्यात गेली असेल तर भिंत घासू-तासू नका, रंगाचे हात द्या.

शेत, गाळ आणि डीएपी

गाळ म्हणजे आपल्याकडे सोनं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' आल्यापासून उन्हाळ्यात तलावात पोकलेन दिसतात. मराठवाड्यातल्या काळ्या पाषाणाच्या पाणलोटातला गाळ बिनधास्त टाका. पण सीमेपलीकडे वाट्यानं शेती करणाऱ्यांनी आणि तिकडून गाळ आणणाऱ्यांनी बघावं की तलावाच्या वर खाणीचा ढीग आहे का. असेल तर आधी एक नमुना. तळाच्या चिखलाला हवा लागत नाही. मघाचा तो गंज तिथे विरघळतो आणि धरून ठेवलेलं आर्सेनिक पुन्हा मोकळं करतो. भातखाचरात हेच होतं, म्हणून धान्यांमध्ये भात आर्सेनिक सगळ्यात जास्त ओढतो. भात खायचाच तर सुरक्षित, भरपूर पाण्यात शिजवून पेज काढून टाका. ज्वारी, तूर यांच्या दाण्यात त्या मानानं कमी उतरतं. मेथी, शेपू, तांदुळजा यांच्या पानांवर बसलेली धूळ मुळांतून आलेल्यापेक्षा जास्त त्रास देते. तीन पाण्यांनी धुवा. मुळा, गाजर, रताळं सोलून खा.

एक गोष्ट मात्र उलटी आहे आणि फार जणांना माहीत नाही. शिशानं दूषित जमिनीत स्फुरद घातलं तर शिसं बांधलं जातं. आर्सेनिकचं नेमकं वाकडं: स्फुरद आणि आर्सेनिक मातीत एकाच जागेसाठी भांडतात, आणि डीएपीचा मारा केला की आर्सेनिक जागा सोडून पाण्यात येतं. चुना टाकल्यानंही ते सुटू शकतं. तेव्हा दूषित जमिनीवर 'खत वाढवून बघू' हा प्रयोग नको. इंटरनेटवर आर्सेनिक शोषणाऱ्या नेच्याचं कौतुक असतं. खरं आहे, तो शोषतो. पण त्याला ओल लागते, वर्षं लागतात, आणि कापलेला नेचा कुठे टाकायचा हा नवा घोर उरतोच.

अंगावरच्या खुणा

बहुतेकांना खुणा दिसायला पाच-दहा वर्षं लागतात. ऊसतोड कामगाराच्या तळहाताला घट्टे असतातच, म्हणून हे चुकतं. घट्टा कोयत्याची मूठ घासते तिथे येतो. आर्सेनिकचे खडे ज्वारीच्या कणीसारखे, दोन्ही तळहातांवर आणि दोन्ही तळपायांवर येतात, दाब पडत नाही तिथेही. तळपायाच्या खोलगट भागावर बोट फिरवून बघा, डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतं. छाती-पाठीवर, कपड्याखाली, काळे-पांढरे ठिपके, धुळीवर पावसाचे थेंब पडावेत तसे. हातापायांना मुंग्या. बऱ्याचदा गजकर्ण किंवा कुष्ठरोग समजून मलमं चालू राहतात. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर सहसा स्पर्श कळत नाही, या ठिपक्यांवर कळतो. पण निदान डॉक्टरांनाच करू द्या. पुढचा धोका कातडी, फुप्फुस आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचा.

डॉक्टरांकडे गेल्यावर 'खाज आहे' एवढ्यावर थांबू नका. कुठे राहता, पाणी कोणतं, किती वर्षं, घरात आणखी कुणाला आहे का, हे सांगा आणि पाण्याचा रिपोर्ट दाखवा. लघवीची तपासणी गेल्या दोन-चार दिवसांचं सांगते, नखं-केस काही महिन्यांचं. रक्त फारच ताजं दाखवतं. लघवी देण्याआधी चार दिवस मासे बंद, बाजारातली सुकट-बोंबीलही. त्यांत निरुपद्रवी प्रकारचं आर्सेनिक असतं आणि आकडा फुगतो. अंगातलं जुनं आर्सेनिक धुऊन काढणारी खात्रीची गोळी नाही. स्रोत तोडला की शरीर पुष्कळसं स्वतः बाहेर टाकतं, आणि पोटात डाळ, शेंगदाणे, अंडी, पालेभाजी असेल तर ते काम नीट होतं. खडे जुने झाले की जात नाहीत. त्यांतल्या एखाद्याची जखम झाली, ती भरत नसेल, तर ताबडतोब दाखवा.

अर्ज

खाणभागातल्या जिल्ह्यांत २०१५ च्या खाणकायद्यातल्या दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठान असतं. खाणवाल्यांकडून तिथे पैसा जमा होतो, आणि पिण्याचं पाणी व आरोग्य हे त्या खर्चाचे अग्रक्रम आहेत. ग्रामसभेचा ठराव, पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा असे पाण्याचे दोन्ही रिपोर्ट, नमुन्यांच्या जागांचा हातानं काढलेला नकाशा आणि लाल पंपांची यादी जोडून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या. तिकडे कन्नड लागेल, तेव्हा शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घ्या. मागणी एकच ठेवा: अमुक तांड्याला दुसऱ्या स्रोताचं पाणी. दहा मागण्या लिहिल्या की फाईल दहा टेबलांवर फिरते. आणि अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारीख असलेली.